डोंगराखालची खोली

मालगाडीचा तो डबा कुणी हात न लावता चालायला लागला, तेव्हा दातोबा फलाटाच्या कडेला मोहरीएवढे दिवे चिकटवत बसला होता. डबा बाजूच्या रुळावर एकटाच उभा होता, पुढे इंजिन नाही, मागे काही नाही. आधी तो नुसता हलल्यासारखा वाटला. मग अगदी सावकाश खोलीच्या मध्याच्या दिशेने निघाला आणि वीतभर जाऊन थांबला.

दातोबाने मान वर केली. पंखा बंद होता, खिडकी लावलेली होती.

"अगं, टेबलाला धक्का दिलास का तू?" त्याने ओरडून बायकोला विचारलं.

"मी गच्चीत कपडे वाळत घालतेय," बाहेरून उत्तर आलं. "माझे हात काय एवढे लांब आहेत?"

त्याने डबा बोटाने मागे सारला. डबा पुन्हा पुढे आला. पुन्हा सारला, पुन्हा आला, एखादं हट्टी मांजर यावं तसा. मग दातोबाने पुठ्ठ्याची एक पातळ पट्टी कापून रुळाखाली सरकवली. डबा जागच्या जागी राहिला, आणि दातोबा परत दिव्यांकडे वळला.

दातोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो दात बनवायचा. गावातले चारही दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन त्याच्याकडे पाठवायचे. त्या ठशात प्लास्टर ओतून तो आख्खा जबडा काढायचा, त्यावर मेण बसवायचा, दात लावायचा, घासून घासून कवळी तयार करायचा. तीस वर्षांत गावातलं निम्मं हसू त्याच्या हाताखालून गेलं होतं. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की हा चेहऱ्याआधी दात बघायचा आणि मनाशी म्हणायचा, वरचे चार माझे.

दातांवर पोट चालायचं, पण जीव आगगाडीत होता. तो नऊ वर्षांचा असताना थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, बस चालवायची नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्याला चावीची पत्र्याची गाडी आणून दिली होती. ती गाडी मोडली, खेळ मोडला नाही. पुढे वडील गेले, दोघा भावांनी घर वाटून घेतलं, तेव्हा वहिनींचे गुडघे दुखतात म्हणून दादांनी तळमजला घेतला आणि म्हणाले, "वरची मोठी खोली तू घे. नाहीतर तुझ्या गाड्या ठेवशील कुठे, माझ्या डोक्यावर?" सगळे हसले होते.

त्या मोठ्या खोलीत आता चालायला कडेने एक हातभर वाट उरली होती. बाकी सगळं राज्य रेल्वेचं. तीन स्टेशनं, एक लांब पूल, दोन बोगदे, आणि मधोमध छातीएवढ्या उंचीचा घाट, ज्यावरून गाडी सात वळणं घेत चढायची. भिंतीला दोन काचेची कपाटं होती, त्यांत एकशे चाळीस इंजिनं. बहुतेक जुनी, ओतीव धातूची, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी. गेल्याच वर्षी परगावच्या एका वारलेल्या संग्राहकाच्या बायकोने नवऱ्याचं सगळं सामान याला देऊन टाकलं. लाकडी खोकी सहा. ती वर चढवताना हमालांनी प्रत्येक पायरीवर दातोबाच्या खापरपणजोबांचा उद्धार केला होता.

आणि घाट कशाचा होता? काम झालं की प्लास्टरचे जबडे उरायचे. प्रत्येकाच्या खाली पेन्सिलीने रुग्णाचं नाव लिहिलेलं. दंतवैद्य ते परत मागत नसत, आणि टाकून द्यायला दातोबाचा हात धजत नसे. मग ते डोंगरात जायचे. खाली जबड्यांची रास, वरून जाळी, जाळीवर ओलं प्लास्टर, त्यावर रंग आणि बारीक भुशाचं गवत. तीस वर्षांचे जबडे. वहिनी पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या भावजींच्या डोंगराला कुणी नावं ठेवू नका हो, सगळं गाव दात विचकून धावेल अंगावर."

तर तो डबा. महिन्याभराने पुठ्ठ्याची पट्टी पुरेनाशी झाली. मग दातोबाने मेणाची जाड चकती घातली. नंतर लाकडी पाचर. पुलाच्या एका टोकाला सांध्यात नखभर फट पडली, ती त्याने भरून काढली. घाटाच्या पायथ्याशी रूळ खाली बसला होता, तिथे त्याने प्लास्टरचा नवा थर दिला, बादलीभर. पाणसळ आणून ठेवली तर तिच्यातला बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला होता. "टेबलाचे पाय झिजलेत," तो म्हणाला.

"लोखंडी पाय झिजतात होय?" बायकोने विचारलं.

"जमिनीत रुततात."

"जमिनीत," ती म्हणाली आणि खाली फरशीकडे बघत राहिली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. नवऱ्याचं कुठलं वाक्य ऐकायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, हे तिला कळत होतं. हे तिने सोडून दिलं, आणि पुढे त्याचाच तिला सगळ्यात जास्त त्रास झाला.

खाली, घाटाच्या बरोबर खालच्या खोलीत, वहिनींचं शिवणयंत्र होतं. त्या कपडे शिवायच्या, दादा निवृत्त झाल्यापासून शेजारी आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचायचे. आयुष्यभर बसच्या इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. खोलीला चार वर्षांपूर्वी प्लायवुडचं छान पांढरं छत करून घेतलं होतं. त्यामुळे जुनी लाकडी तुळई, जिच्यावर वरचा मजला उभा होता, ती कुणाच्या नजरेला पडत नव्हती.

वहिनींना आधी कापडावर भुसा दिसायला लागला. बारीक, तपकिरी, चहाच्या पुडीसारखा. झटकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग कपाटाचं दार आपोआप उघडं राहायला लागलं. मग खोलीचं दार लागेना. दादांनी खांद्याने रेटून पाहिलं, दार चौकटीत असं अडकलं की वहिनींना अर्धा तास आतच बसावं लागलं. शेवटी त्यांनी सुताराला बोलावलं.

सुतार म्हणजे उंच, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याने रंधा पिशवीतून काढला, दारावरून हात फिरवला आणि रंधा परत पिशवीत ठेवला.

"दार फुगलेलं नाही," तो म्हणाला. "चौकट दबलीय. वर काय आहे?"

"भावजींची आगगाडी," वहिनी हसून म्हणाल्या.

सुतारालाही हसू आलं. पण तो वर गेला. दातोबा तेव्हा एका कवळीला पॉलिश करत होता, त्याने कौतुकाने खोली उघडून दाखवली, बटण दाबलं, घाटातून गाडी सोडली. सुताराने गाडीकडे पाहिलंच नाही. तो कडेच्या वाटेवर उभा राहिला, एका टाचेवर भार देऊन सोडला, पुन्हा दिला. कपाटातली इंजिनं किणकिणली.

"ह्या डोंगरात काय भरलंय?"

"दात," दातोबा म्हणाला. "म्हणजे जबडे. प्लास्टरचे. गंमत आहे की नाही?"

सुताराने डोंगरावर मुठीने ठोकून पाहिलं. आवाज पोकळ आला नाही.

"भाऊ, खालचं छत उघडून मला तुळई बघू द्या. तो भुसा वाळवीचा आहे. किती खाल्लंय ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. तोवर हा डोंगर उतरवा आणि खालच्या खोलीत कुणाला बसू देऊ नका."

"एवढं?"

"मी घाबरवत नाही. आज पडेल असं म्हणत नाही, दहा वर्षं राहील असंही म्हणत नाही. मी खाली सांगू का?"

"नको," दातोबा पटकन म्हणाला. "मी सांगतो. दादांना कमी ऐकू येतं, तुमचं बोलणं त्यांना कळायचं नाही. मी नीट सांगतो."

सुतार जिना उतरून गेला. मागोमाग दातोबाही उतरला, सांगायलाच. वहिनी दोरा ओवत होत्या. त्यांनी सुई उजेडाकडे धरून विचारलं, "काय म्हणाला हो तो?"

आणि दातोबाची दातखीळ बसली.

त्याच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्याने नंतर अनेकदा आठवून पाहिलं. आलं ते एवढंच, की बावीस तारखेला मंडळी येणार आहेत. शेजारच्या शहरातल्या छोट्या आगगाड्यांच्या हौशी मंडळाचे अकरा जण, त्यांनी मासिकात त्याच्या घाटाचे फोटो बघितले होते, खास बघायला येणार होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या खोलीत येऊन 'भाऊंचा खेळ' असं न म्हणता, वळणांची त्रिज्या किती, चढ किती, असं विचारणार होतं. वहिनींना सांगितलं तर आज संध्याकाळी घाट फुटेल. मध्ये फक्त सोळा दिवस होते.

"काही नाही," तो म्हणाला. "हवेने लाकूड हलतं म्हणाला. महिनाअखेरीस येऊन बघतो."

"बघा, मी म्हणतच होते," वहिनी म्हणाल्या आणि यंत्राचं पायडल दाबलं.

त्या सोळा दिवसांत दातोबा नीट जेवला नाही. खालून यंत्राचा खडखडाट आला की त्याला बरं वाटायचं, थांबला की हातातलं काम टाकून तो जिन्याशी जाऊन कान द्यायचा. दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून तो खाली डोकावायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, तुम्ही मागच्या खोलीत का बसत नाही? तिकडे हवा छान आहे." वहिनी म्हणाल्या, "तिकडे उजेड नाही, भावजी. सुईत दोरा काय तुम्ही ओवणार?" तो हसला आणि वर आला. सहा खोक्यांपैकी दोन त्याने एकट्याने ओढत गच्चीत नेली आणि आपण काहीतरी केलं असं स्वतःला सांगितलं. त्याच दुपारी घाटाच्या पायथ्याला तडा दिसला, तर सवयीने दोन बादल्या प्लास्टर कालवून भरलाही. हात धुताना त्याच्या लक्षात आलं की आपण वजन काढलं त्याहून फारसं कमी घातलेलं नाही.

बायकोने एकदा सरळच विचारलं. "सुतार वर आला होता तेव्हा काय म्हणाला?"

"दाराबद्दल बोलला."

"दार खाली आहे. मग वर कशाला आला?"

"गाडी बघायला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कवळी घासत होता, आणि घासण्याच्या यंत्राचा आवाज त्याने वाढवला.

बावीस तारीख उजाडली. सकाळी दहाला मंडळी आली. बहुतेक पन्नाशीपुढचे, नीटनेटके, गळ्यात कॅमेरे. जिन्यावर बूट वाजले. खोलीत कडेच्या त्या हातभर वाटेवर अकरा माणसं ओळीने उभी राहिली, पोटं आत घेऊन. दातोबाला खरं तर एका वेळी चौघांनाच आत घ्यायचं होतं, तसं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. पण त्यांच्यातले सगळ्यात वयस्क गृहस्थ दारातच हात जोडून म्हणाले, "अहो, हे तर फोटोपेक्षा कितीतरी मोठं आहे!" आणि मागचे सगळे पुढे रेटले. दातोबाला 'थांबा' म्हणवेना.

गाडी सुटली. पूल ओलांडला, पहिल्या बोगद्यात शिरली, बाहेर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता. तिसऱ्या वळणावर गाडी पोचली, आणि यार्डात उभे असलेले मालगाडीचे सगळे डबे, सतराच्या सतरा, एकदम निघाले. चारही रुळांवरून, इंजिनाशिवाय, घाटाच्या दिशेने.

"वा!" एकजण म्हणाला. "हे कसं केलंत? लोहचुंबक आहे का खाली?"

दातोबाच्या तळपायांना काहीतरी कळलं होतं. आवाज नंतर आला, कोरडा, लांबट, कुणी जाड कापड सावकाश फाडावं तसा.

"बाहेर व्हा," तो म्हणाला. मग ओरडला, "बाहेर व्हा सगळे! जिन्याकडे! पळा!"

तो स्वतः दाराच्या सगळ्यात जवळ होता. धडाधड जिना उतरून खालच्या खोलीत घुसला. वहिनी वर बघत होत्या. छताच्या प्लायवुडला मध्ये पोट आलं होतं आणि त्यातून भुसा पिठासारखा गळत होता. त्याने वहिनींना दंडाला धरून खेचलं. खुर्ची कलंडली, कापड पायात अडकलं, त्या उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर पडल्या. तो वळला. दादा आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. वहिनींना पडलेलं बघून ते "अरे, अरे" म्हणत उठायला लागले.

"दादा!"

दादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कानामागे हात धरला, काय म्हणतोस म्हणून.

तुळई मधोमध मोडली. आधी छत आलं, मग फरशी, मग घाट.

वर दोघे जण अजून दाराशी होते, ते चौकट धरून लोंबकळले आणि वाचले. बाकीचे जिन्यावर होते. बायको गच्चीत होती, ती तिथूनच त्याच्या नावाने हाका मारत राहिली, किती वेळ तिलाही आठवत नाही. धूळ बसल्यावर शेजारपाजारचे धावले. दादा कमरेपर्यंत ढिगाखाली होते, शुद्धीवर होते, आणि वारंवार एकच विचारत होते, "ही कुठंय? ही बाहेर आहे ना?"

त्यांना काढायला दीड तास लागला. माणसांनी हातांनी तो डोंगर उपसला, रांग करून, एकेक जबडा पुढच्याच्या हातात देत रस्त्यापर्यंत. रस्त्याच्या कडेला गावाच्या जबड्यांची रास झाली. गर्दीतल्या एका बाईंनी त्यातला एक उचलून उलटा केला, आपल्या मेलेल्या आईचं नाव वाचलं आणि तो पदराने पुसून पिशवीत टाकला. कुणी हसलं नाही.

सुतार बातमी ऐकून आला तेव्हा दादांना नुकतंच दवाखान्याच्या गाडीत घातलं होतं. तो ढिगाऱ्यात उतरला, मोडलेल्या तुळईचं टोक बोटांनी चिवडलं. लाकूड विटक्या कागदासारखं हातात आलं. मग त्याने दातोबाकडे पाहिलं. वाईट हेतूने नव्हे, त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"भाऊ, मी सांगितलं होतं ना तुम्हाला? खाली कुणाला बसू देऊ नका म्हणून?"

वहिनी गाडीत चढत होत्या. एक पाय पायरीवर होता. त्या थांबल्या. केसांत, भुवयांवर सगळीकडे पांढरी धूळ. त्यांनी सुताराकडे पाहिलं, मग धाकट्या दिराकडे.

"तुम्हाला माहीत होतं, भावजी?"

दातोबाने मान खाली घातली. एवढंच. त्या गाडीत चढल्या आणि दार लावून घेतलं.

दादांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जीव वाचला. वहिनी त्यांना घेऊन आपल्या बहिणीच्या गावी गेल्या, घर पालिकेने धोक्याचं म्हणून मोकळं करायला लावलं. दातोबा आणि बायको बाजारामागे दोन खोल्यांत राहायला आले, तळमजल्यावर. दंतवैद्य आजही ठसे पाठवतात. काम झालं की तो जबडे पोत्यात भरून दर शनिवारी कचऱ्याच्या गाडीत टाकतो. ढिगाऱ्यातून निघालेली इंजिनं मंडळाच्या लोकांनी धुऊनपुसून परत आणली होती, तेव्हा तो दाराशी आलाच नाही. बायकोने ती त्यांनाच ठेवून घ्यायला सांगितली. ती त्याच्याशी बोलते, जेवायला वाढते. फक्त तो काही सांगायला लागला, अगदी बाजारातली साधी गोष्ट असली तरी, ती एकदा विचारते, "खरंच?" तिच्याही नकळत येतो तो शब्द.

दर महिन्याला तो बसने दादांकडे जातो. पहिले तीन महिने वहिनी दार उघडून आत निघून जायच्या. चौथ्या महिन्यात त्यांनी पाण्याचा पेला स्टुलावर ठेवला, पण हातात दिला नाही. दादा तेव्हा नवा पाय लावून पडवीत चालायचा सराव करत होते. दातोबा शेजारून चालत होता, हात पुढे धरून, न शिवता. तीन फेऱ्या झाल्या.

मग दादा कठड्याला धरून थांबले. ऐकू कमी येणाऱ्या माणसांचा असतो तसा त्यांचा आवाज मोठा होता, आतपर्यंत जाणारा.

"एक विचारू? मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, असं वाटलं तुला?"

दातोबाचे हात पुढे धरलेलेच होते.

"तुझा डोंगर फोडला असता? अरे, मीच तुला ती खोली दिली ना? मी आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसलो असतो सोळा दिवस. उजेड नाही म्हणून ती कुरकुरली असती. तुझी माणसं चार-चार करून वर पाठवली असती मी, दारात उभा राहून. कंडक्टरसारखा." त्यांनी कठड्यावरचा हात बदलला. "तेवढं तरी ओळखायला हवं होतंस मला."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला होता. दादांनी कठडा सोडला आणि पुढचं पाऊल टाकलं. नवा पाय फरशीवर टक्कन वाजला. दातोबा तिथेच उभा राहिला, हात तसेच पुढे धरून, आणि दादा एकटेच पडवीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले.